टीव्ही घेण्यापूर्वी डिस्कची पेटी उघडा



कचेरीत कारकुनी करणारा माणूस वस्तीतच राहत असला आणि त्यातून थोडेफार सामाजिक काम करीत असला, की लोक त्याला सर्व विषयांतला जाणकार समजू लागतात. जातीच्या दाखल्याचा अर्ज, शिष्यवृत्तीचा फॉर्म, वीजबिलाची तक्रार ही कामे तर नेहमीचीच. अलीकडे मात्र खामगावच्या आमच्या वस्तीत एक नवाच प्रश्न माझ्याकडे येऊ लागला आहे. "भाऊ, टीव्ही घ्याचा हाये, कोनता घेऊ?" प्रश्न साधा वाटतो. परंतु रोजीवर किंवा महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात टीव्ही ही दहा-पंधरा वर्षांतून एकदा होणारी खरेदी असते. त्यात दोन-चार हजार रुपये उगाच जास्त गेले, तर ते कुठून तरी भरून काढावे लागतात, आणि बहुतेक वेळा ते मुलांच्या वह्या-पुस्तकांतूनच निघतात. मागच्या हिवाळ्यात हाच प्रश्न माझ्या घरात उभा राहिला. त्या निमित्ताने जे पाहिले, जे मोजले आणि जे कळले, ते येथे मांडतो.

दुकानात गेल्याबरोबर पहिला प्रश्न येतो, "किती इंची दाखवू?" माझ्या मते त्याआधी आपण स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. या टीव्हीवर आपण पाहणार काय? केबलच्या मालिका आणि बातम्या सगळेच पाहतात. पण आपल्या समाजातल्या पुष्कळ घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा पलंगाखालच्या ट्रंकेत एक डिस्कची पेटी असते. अशोक विजयादशमीला नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो, ६ डिसेंबरला मुंबईला चैत्यभूमीवर गेलो, तर येताना पुस्तकांबरोबर भीमगीतांच्या एक-दोन डिस्क पिशवीत पडायच्याच. पूर्वी कॅसेट होत्या, नंतर व्हीसीडी आल्या, मग डीव्हीडी. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, तेव्हा तर हमाली करणाऱ्या माणसालाही सिनेमा विकत घेऊन घरी ठेवता येऊ लागला. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली. त्या स्वस्त डिस्क मात्र अजून घराघरांत आहेत.

आमच्या पेटीत काय आहे ते सांगतो. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा सिनेमा आहे. त्यातील भूमिकेसाठी मामुट्टी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. आनंद पटवर्धन यांचा २०११ चा 'जय भीम कॉम्रेड' आहे. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांच्या, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांच्या आवाजातल्या डिस्क आहेत. मुलांसाठी घेतलेली चार-पाच हिंदी चित्रपटांची पाकिटे आहेत. आणि एका पांढऱ्या लखोट्यात माझ्या लग्नाच्या दोन व्हीसीडी आहेत.

या पेटीची किंमत तरुण मंडळींना कळत नाही. ती कळावी म्हणून थोडे मागे जावे लागेल. आपल्या देशात दूरदर्शनवर रंगीत चित्र आले ते १९८२ साली. आमच्या लहानपणी, १९८८ ते १९९० या काळात रविवारी सकाळी 'महाभारत' लागे, तेव्हा आमच्या वस्तीत एकाही घरी टीव्ही नव्हता. आम्ही पोरे दुसऱ्या आळीत जात असू. आत बसायला कोणी सांगत नसे. ओट्यावर उभे राहून खिडकीच्या गजांतून पाहायचे. खिडकी लावली की कार्यक्रम संपला असे समजायचे आणि घरी यायचे. पुढे वस्तीतली मंडळी जयंतीला घरटी वर्गणी काढून भाड्याने टीव्ही आणि व्हीसीआर आणू लागली. चौकात टेबलावर तो संच ठेवला जाई. रात्रभरात तीन सिनेमे. म्हाताऱ्या माणसांना पुढे पोत्यावर बसवत. त्या रात्री कोणाच्या ओट्यावर उभे राहण्याची गरज पडत नसे.

माझे वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलण्याचे काम करीत. २००४ साली त्यांनी हप्त्यावर २१ इंची रंगीत टीव्ही घेतला. दुकानातून तो हातगाडीवर आणला आणि पहिल्या दिवशी दार सताड उघडे ठेवून शेजारपाजारच्या सगळ्या पोरांना आत बोलावून बसवले. "भाहीर कोनी उभं राहू नका रे, अंदर या," हे त्यांचे शब्द मला अजून आठवतात. २०१२ साली वडील गेले. टीव्ही पुढेही बरीच वर्षे चालला. दोन वर्षांपूर्वी त्याची पिक्चर ट्यूब गेली. कारागीर म्हणाला, आता याचा सुटा भाग मिळत नाही. तेव्हापासून पेटी बंद होती.

नवा टीव्ही घेण्याचा विचार निघाला तेव्हा घरात चार मते झाली. मुलगा म्हणाला, "पप्पा, आता डिस्क कोन पाह्यते? मोठा ५५ इंची स्मार्ट टीव्ही घेऊ, सगळं इंटरनेटवर हाये." मुलगी बारावीला आहे. तिचे म्हणणे, टीव्ही जिथे लागेल तिथून माझे टेबल हलवा. पत्नीने सांगितले, "अहो, माझी भिशी लागली आहे, त्याच्यातच बसवायचं. पोरीच्या फीला हात लावायचा नाही." पैसा तिचा, म्हणून शेवटचा शब्दही तिचाच. माय सगळ्यांचे ऐकून शेवटी म्हणाली, "मले मोठा-लहान काही समजत नाही बाबू. लग्नाची शीडी त्याच्यात लागते का तेवढं पाह्य. तुह्या बापाचं तोंड पाहून दोन साल झाले."

खरे सांगायचे तर आमच्या वडिलांचा चालता-बोलता असा दुसरा ठेवा आमच्याकडे नाही. फोटो आहेत, तेही तीन-चार. त्या लग्नाच्या डिस्कमध्ये ते पंगतीत वाढताना दिसतात, आणि एके ठिकाणी कॅमेऱ्याकडे पाहून, "माह्या फोटो कायले काढता, पोराचा काढा," असे म्हणतात. एवढेच. म्हणून आमच्यासाठी टीव्हीची निवड म्हणजे त्या डिस्कला न्याय देणारा संच शोधणे असे ठरले.

आता मुद्द्याचे बोलू. टीव्हीचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. जितके ठिपके जास्त तितका बारकावा जास्त. व्हीसीडीवर आपल्याकडच्या पद्धतीत आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपके असतात. गुणाकार केला तर १,०१,३७६, म्हणजे लाखभर. डीव्हीडीवर ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२०. ब्ल्यू-रे नावाची डिस्क २००६ पासून बाजारात आली, तिच्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. ती दिसायला डीव्हीडीसारखीच असली तरी तिला निळ्या-जांभळ्या लेझरचा वेगळा प्लेअर लागतो. साध्या डीव्हीडी प्लेअरमध्ये ती चालत नाही.

आता टीव्हीकडे पाहा. 'एचडी रेडी' लिहिलेल्या बहुतेक संचात १३६६ गुणिले ७६८, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके असतात. 'फुल एचडी'मध्ये २०,७३,६०० आणि '४के'मध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. डीव्हीडीचा एक ठिपका फुल एचडीवर पाच ठिपक्यांची जागा भरतो. व्हीसीडीचे चित्र ४केचा पूर्ण पडदा भरेल एवढे ताणले तर एका ठिपक्याला सुमारे ८२ ठिपक्यांची जागा भरावी लागते. मधल्या जागेत काय असावे याचा अंदाज टीव्हीतील यंत्रणा करते. चांगल्या संचात हा अंदाज बरा असतो, स्वस्तात वाईट. पण तो अंदाजच. जे डिस्कवर कधी नोंदलेच गेले नाही ते कोणताही टीव्ही कुठून आणणार?

जयंतीच्या फ्लेक्सचे उदाहरण घ्या. पासपोर्ट फोटो मोठा करून चौकात दहा फुटी बॅनर लावला, तर लांबून माणूस ओळखू येतो, जवळ गेलो की नाक-डोळे फुटलेले दिसतात. टीव्हीचेही तसेच आहे. आपल्याकडे व्हीसीडी आणि डीव्हीडी असतील, तर केवळ ४के आहे म्हणून जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. ज्यांना इंटरनेटवरून किंवा ब्ल्यू-रेवरून सिनेमे पाहायचे आहेत त्यांचा हिशेब वेगळा.

दुकानातले चित्र पाहून भुलू नये. तिथे लावलेली चित्रफीत कंपनीने मुद्दाम बनवलेली असते. पोपट, फुले, समुद्र, सगळे लखलखीत. शिवाय संच 'दुकान' किंवा 'व्हिव्हिड' सेटिंगवर असतो, कारण ट्यूबलाइटच्या प्रकाशात तो उठून दिसायला हवा. घरी तेच चित्र डोळ्यांना टोचते. म्हणून आम्ही एक केले. आपला डीव्हीडी प्लेअर, त्याच्या वायरी आणि दोन डिस्क पिशवीत घालून दुकानात नेल्या. एक लग्नाची व्हीसीडी, एक बाबासाहेबांच्या सिनेमाची डीव्हीडी. दुकानातला मुलगा आधी हसला. "काका, आता हे कोण लावतं?" मी म्हटले, "बाळा, आम्ही लावतो. आणि पैसेही आम्हीच देणार आहोत." मग त्याने लावून दाखवले.

५५ इंची ४के संचावर, सहा-सात फुटांवरून पाहताना, वडिलांचा चेहरा मेणाचा पुतळा वितळावा तसा दिसला. त्याच अंतरावरून ३२ इंचीवर चेहरा सुबक होता, पण लहान. मायचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे, तिला एवढ्या लहान चित्रात घरातल्या अंतरावरून ओळख पटणे अवघड. ४३ इंची फुल एचडीवर सेटिंग 'सिनेमा'वर आणले, 'शार्पनेस' कमी केले, आणि दोन पावले मागे सरकलो, तेव्हा चित्र जमले. शार्पनेस वाढवल्याने जुनी डिस्क स्पष्ट होत नाही, उलट कडांवर पांढऱ्या रेघा येतात, हे ध्यानात ठेवावे. त्याचप्रमाणे 'मोशन' नावाची एक सोय असते. ती चालू असली की सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. ती बंद करावी.

चित्राच्या आकाराचाही प्रश्न आहे. जुने टीव्ही चारास तीन या प्रमाणाचे होते, नवे सोळास नऊ. २१ इंची जुन्या टीव्हीवर चित्र सुमारे ४३ सेंटिमीटर रुंद आणि ३२ सेंटिमीटर उंच असे. ३२ इंची नव्या टीव्हीचा पडदा सुमारे ७१ बाय ४० सेंटिमीटर असतो. जुनी डिस्क त्यावर तिच्या मूळ प्रमाणात लावली तर दोन्ही बाजूंना प्रत्येकी नऊ सेंटिमीटर काळ्या पट्ट्या राहतात. पुष्कळ लोकांना वाटते पडदा वाया गेला, आणि ते चित्र ताणून पडदाभर करतात. मग नवरा-नवरी दोघेही जाडजूड दिसतात. काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. रिमोटवर 'पिक्चर साइज' किंवा 'आस्पेक्ट' असे असते, तिथे चारास तीन निवडावे. याउलट काही जुन्या डीव्हीडींवर रुंद सिनेमा चारही बाजूंनी काळ्या चौकटीत लहान दिसतो. अशा वेळी 'झूम' वापरायला हरकत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती टीव्हीच्या मागच्या बाजूला. आपल्या जुन्या प्लेअरला लाल, पांढरी आणि पिवळी अशी तीन वायरींची जोडणी असते. नव्या टीव्हीला ही तीन छिद्रे पुष्कळदा नसतात. काही संचांत त्याऐवजी एकच बारीक गोल छिद्र असते, त्यासाठी एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला तीन तोंडे असलेली वायर लागते. काहींत तेही नसते, फक्त एचडीएमआय नावाची चपटी जागा असते. तेव्हा पैसे देण्यापूर्वी संच फिरवून मागची बाजू पाहावी. जागा नसेल तरी मार्ग आहे. तीन वायरींचे एचडीएमआयमध्ये रूपांतर करणारी छोटी डबी काही शे रुपयांत मिळते. किंवा एचडीएमआय असलेला डीव्हीडी प्लेअर घ्यावा, त्याने डीव्हीडीचे चित्र पिवळ्या वायरीपेक्षा स्वच्छ येते. जिथे एचडीएमआयची जागा एकच असेल तिथे डिशचा डबा आणि प्लेअर यांत रोज वायर बदलावी लागते, म्हणून किमान दोन जागा असलेला संच पाहावा.

आता घरातली जागा. आमची पुढची खोली दहा बाय बारा फुटांची. भिंतीपासून पलंगापर्यंत आठ फूट, म्हणजे सुमारे २४० सेंटिमीटर. ४३ इंची पडदा तिरपा मोजला तर १०९ सेंटिमीटर भरतो. अंतर पडद्याच्या दुपटीहून थोडे जास्त झाले, हे डीव्हीडीला ठीक बसते. व्हीसीडी याहून थोडी मागून बरी दिसते. ५५ इंचीला हेच अंतर पावणेदोन पटीच्या आसपास येते, जुन्या डिस्कला ते फार जवळ झाले. आणखी एक गोष्ट. आपल्या घरात कोणी समोर सोफ्यावर रांगेने बसत नाही. माय बाजूच्या बाजेवर, पोरे खाली चटईवर, शेजारची मंडळी दाराशी. काही पडद्यांचे चित्र बाजूने पाहिले की फिके पडते. दुकानात मी चक्क खाली बसून आणि बाजूला जाऊन पाहिले. लोक पाहत होते, पाहोत. समोरून उत्तम आणि बाजूने पांढरट दिसणारा एक संच आम्ही त्याच कारणाने सोडला.

आवाजाकडे कोणी लक्ष देत नाही. जुन्या टीव्हीच्या पोटात जागा होती, स्पीकर समोर होते. नवे टीव्ही पातळ, त्यांचे स्पीकर लहान आणि बहुधा खाली तोंड करून असतात. वामनदादांचे गाणे लावले आणि ढोलकी पत्र्यावर वाजल्यासारखी ऐकू आली तर काय उपयोग? डीव्हीडी लावल्यावर संगीत मोठे आणि बोलणे बारीक येत असेल, तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये आवाज 'स्टिरिओ'वर आणावा, बोलणे वर येते. घरात जुना चांगला टेपरेकॉर्डर किंवा स्पीकर असेल तर लाल-पांढऱ्या वायरी त्याला जोडता येतात. आम्ही तसेच केले, नवा साउंडबार घेतला नाही.

पैशाचा हिशेब मी बी.कॉम. झालेला माणूस असल्यामुळे थोडा जास्तच केला. ३२ इंचांवरच्या टीव्हीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. मूळ किंमत २०,००० असेल तर पूर्वी २५,६०० द्यावे लागत, आता २३,६००. दोन हजारांचा फरक. दुकानदाराकडून पक्के बिल घ्यावे आणि त्यावर कराचा दर पाहावा. बिलाशिवाय वॉरंटीला अर्थ नाही. "बिनव्याजी हप्ता" म्हणतात तेव्हा दोन गोष्टी विचाराव्यात. प्रोसेसिंग फी किती, आणि हाच संच रोखीने घेतला तर किती सूट? रोखीची सूट हप्त्यावर मिळत नसेल, तर ती सूट म्हणजेच व्याज. आमच्याकडे भिशीची रक्कम हातात होती, म्हणून रोखीने घेतला.

विजेचेही गणित सोपे आहे. ५० वॅटचा संच रोज चार तास चालला तर महिन्याला सहा युनिट, १०० वॅटचा असेल तर बारा. संचावर ताऱ्यांचे लेबल असते, त्यावर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते वाचावे. आपल्या भागात उन्हाळ्यात पहिल्या पावसाआधी विजा कडाडतात, तेव्हा नुसते रिमोटने बंद न करता प्लग काढावा आणि डिशची वायरही काढून ठेवावी.

शेवटी पत्नीने ४३ इंची फुल एचडी संच निवडला. त्यात इंटरनेटही चालते, त्यामुळे मुलाचेही समाधान झाले आणि मुलीला अभ्यासाचे धडे पाहता येतात. तिचे टेबल आतल्या खोलीत हलवले, आणि परीक्षा होईपर्यंत रात्री आठनंतर टीव्ही बंद असा नियम पत्नीने केला. तो सर्वांनी पाळला, मीही.

संच लागला त्या संध्याकाळी लग्नाची डिस्क लावली. मायने चष्मा पुसला. वडील पंगतीत वाढताना आले, कॅमेऱ्याकडे पाहून बोलले. माय म्हणाली, "आता कसा साजरा दिसते." मुलाने, जो डिस्क कोण पाहते म्हणत होता, त्याने रिमोट घेऊन ती जागा पुन्हा लावली. तो जन्मला तेव्हा आजोबांचे शेवटचे आजारपण चालू होते. आजोबांचा आवाज ऐकण्याइतके त्याला त्या दिवसापर्यंत नीट आठवतच नव्हते.

परंतु तेव्हाच डिस्क दोन ठिकाणी अडखळली, आणि मला दुसरी काळजी लागली. लग्नाच्या डिस्क या कारखान्यात ठशाने छापलेल्या नसतात. संगणकावर लेझरने जाळून बनवलेल्या असतात, त्यांत रंगाचा पातळ थर असतो आणि तो ऊन, उष्णता, दमट हवा यांनी खराब होत जातो. वर चिकटवलेल्या कागदी लेबलाचा गोंदही तिला मारक ठरतो. अशी डिस्क वाजते आहे तोवरच तिची प्रत काढून घ्यावी. व्हीसीडी संगणकात घातली की तिच्यात 'एमपीईजीएव्ही' नावाचे फोल्डर दिसते, त्यातली 'डॅट' फाइल पेनड्राइव्हवर उतरवता येते. नव्या लॅपटॉपला डिस्कची जागाच नसते, म्हणून जुना संगणक असलेला फोटो स्टुडिओ शोधावा लागतो. कचेरीतला संगणक खासगी कामाला नाही, हे तत्त्व मी पाळतो. आम्ही स्टुडिओतून प्रत काढून घेतली, एक पेनड्राइव्ह घरी आणि एक बहिणीकडे नांदुऱ्याला ठेवला. डिस्क पुसायची तर मऊ कापडाने मधून बाहेरच्या कडेकडे पुसावी, गोल-गोल पुसू नये.

आपल्या घरचे लग्न, मुलांच्या शाळेचे स्नेहसंमेलन, वस्तीतल्या जयंतीची मिरवणूक, विहाराच्या उद्घाटनाचा कार्यक्रम, हे सारे आपणच जपायचे आहे. हे कोणत्याही कंपनीच्या इंटरनेटवर नाही. सिनेमा आज एका ठिकाणी दिसतो, उद्या काढून टाकतात. पेटीतली डिस्क कोणी काढून नेत नाही. तिला फक्त काळ नेतो, आणि काळाशी थोडी लढत देता येते.

एक सूचना विहाराच्या कार्यकर्त्यांसाठी. विहारात पन्नास-साठ माणसे बसणार असतील तर ४३ इंची टीव्ही तिथे अपुरा पडतो. मागच्या ओळीतल्या माणसाला काहीच दिसत नाही. आम्ही मागच्या वर्षावासात एका रविवारी प्रोजेक्टर भाड्याने आणला, खिडक्यांना काळे कापड लावले आणि भिंतीवर पांढरी चादर ताणून बाबासाहेबांचा सिनेमा दाखवला. मूळ सिनेमा इंग्रजीत आहे, आम्ही हिंदी आवाजाची डिस्क वापरली. तीन तासांचा सिनेमा म्हणून मध्ये चहासाठी थांबलो. माता-भगिनी शेवटपर्यंत बसल्या. डिस्क आदल्या दिवशी पूर्ण चालवून पाहिली होती, म्हणून खोळंबा झाला नाही. ही काळजी सर्वांनी घ्यावी.

तर बंधू-भगिनींनो, टीव्ही जरूर घ्या. आपल्या कष्टाच्या पैशाने, आपल्या दाराच्या आत घ्या. फक्त दुकानात जाण्यापूर्वी ट्रंक उघडा, डिस्क एकेक लावून पाहा, चालू कोणत्या आणि बंद कोणत्या त्याची वहीत यादी करा. खोलीची लांबी फुटपट्टीने मोजा. प्लेअर आणि दोन डिस्क पिशवीत घालून न्या, आणि लावून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि घरी आणल्यावर पहिल्या दिवशी शेजारच्या पोरांना आत बोलवा.